शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम
तालमीत घडलेल्या साठीच्या माणसाला अंतर्गळ अथवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर जोर-बैठकांची ओढ लागणे स्वाभाविक आहे. परंतु टाके निघाले म्हणजे जखम आतून भरली, असे नव्हे. त्वचेच्या व्रणात तीन आठवड्यांनी मूळच्या सुमारे २० टक्के, तर तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के बळ येते. उतारवयात ही क्रिया अधिक मंदावते. याउलट अंथरुणावर पडून राहिल्यास स्नायू झपाट्याने क्षीण होतात. म्हणून आरंभी चालणे, पुढे हलक्या बैठका आणि शल्यचिकित्सकांच्या संमतीनंतरच जोर व वजने, असा क्रम असावा. श्वास रोखून जोर लावल्यास पोटातील दाब वाढतो, तो टाळावा. वेदना वा फुगवटा जाणवताच व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. घटलेली ताकद सरावाने भरून काढता येते. पुन्हा उद्भवलेल्या अंतर्गळाला मात्र बहुधा दुसरी शस्त्रक्रियाच लागते.