‘आपल्यात असंच असतंय’ म्हणजे कधीपासून?

प्रश्न : मी अकरावीला कला शाखेत आहे आणि समाजशास्त्र हा विषय घेतला आहे. माझा भाऊ सायन्सला आहे. तो म्हणतो, “कुटुंब म्हणजे काय, विवाह म्हणजे काय, हे कुणाला माहीत नसतं? ह्याला शास्त्र म्हणतात होय?” पहाटे आई म्हशींची धार काढते, मी डेअरीत दूध घालून येते आणि मग अभ्यासाला बसते. परवा आईनंही माझं पुस्तक चाळलं आणि म्हणाली, “ह्यात नवीन काय हाय? आपल्यात असंच असतंय की.” मला दोघांनाही उत्तर देता आलं नाही. बाबांचं बिल झालं की गाइड आणणार आहे, पण त्यात तरी उत्तर मिळेल का? समाजशास्त्र खरंच शास्त्र आहे का? आणि ते शिकून मला असं काय कळणार, जे आईला माहीत नाही? शिवाय दिवाळीनंतर प्रकल्प द्यायचा आहे, त्यासाठी विषय सुचवा.
– एक विद्यार्थिनी, गडमुडशिंगी (ता. करवीर)

उत्तर : तुझ्या पत्रातल्या दोन शब्दांपाशी मी थांबलो : ‘बाबांचं बिल’.

धार आई काढते. वैरण, शेण, म्हशींचं पाणी कुणाकडे आहे ते तू लिहिलं नाहीस, पण अंदाज करता येतो. थंडीत किटली घेऊन रांगेत तू उभी राहतेस. दूध ओतल्यावर फॅट किती लागली ते तूच बघतेस, पावती तूच घरी आणतेस. आणि दहा दिवसांनी बिल होतं ते बाबांचं. तुला हे लिहिताना खटकलं नाही. आईला वाचतानाही खटकलं नसतं.

हे बाबांनी ठरवलंय का? बहुधा नाही. संस्थेचं पुस्तक घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावावर असायचं, ही रीत ते संसाराला लागले तेव्हा तयारच होती. आईनं ठरवलंय का? तिनं तर त्याचा कधी विचारही केला नसेल. डेअरीच्या सेक्रेटरींनीही ठरवलेलं नाही. म्हणजे कुणीच न ठरवलेली एक गोष्ट तुमच्या घरात दर दहा दिवसांनी बिनचूक पार पडते, आणि रांगेत तुझ्या मागेपुढे उभ्या असलेल्यांच्या घरीही बहुतेक तसंच असतं. मग ठरवलं कुणी?

समाजशास्त्र या प्रश्नापासून सुरू होतं. फ्रान्समधल्या एमिल दुर्खाईम यांनी १८९५ मध्ये अशा गोष्टींना ‘सामाजिक तथ्य’ म्हटलं. ती कुणा एकाच्या मनातून आलेली नसते, आपल्या जन्माआधीपासून असते, आणि मोडायला गेलं की तिचा जोर कळतो. हा जोर बघायचा असेल तर आईला एकदा म्हणून बघ, “पुस्तक तुझ्या नावावर करून घेऊ या.” ती हसेल, नाहीतर म्हणेल, “लोक काय म्हणतील?” ते हसू आणि ते ‘लोक’, दोन्ही तुझ्या अभ्यासाचे विषय आहेत.

बाबांवर मात्र रागावू नकोस. बिल त्यांच्या नावावर आहे म्हणून सोसायटीचं देणं, कर्जाचा हप्ता, तुझी फी, या सगळ्याचा घोरही त्यांच्याच मागे लागलेला असतो. रीत दोघांनाही बांधते, फक्त वेगवेगळ्या जागी.

आता आईच्या वाक्याकडे येऊ. ‘आपल्यात असंच असतंय’ हे ऐकलं की समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यानं लगेच मनात विचारावं, ‘कधीपासून?’ जिल्ह्याचा गोकुळ दूध संघ १९६३ चा. त्याआधी गावात ना डेअरीची अशी रांग होती, ना पुस्तक, ना बिल. म्हणजे ‘असंच असतं’ म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो, ते फार तर दोन पिढ्यांचं आहे. संस्था नवी आली, पण जुन्या घराच्या उंबऱ्यातून आत आली, म्हणून नाव कर्त्या पुरुषाचं लागलं. पुढे याच जिल्ह्यात बायकांनी चालवलेल्या महिला दूध संस्थाही उभ्या राहिल्या, तिथे पुस्तक बाईच्या नावावर असतं. म्हैस तीच, दूधही तेच.

दुसरं उदाहरण जरा जड आहे, पण तू अकरावीत आहेस, तुला ते कळायला हवं. तिशीला टेकलेला, घरची शेती असलेला आणि लग्न न जमलेला एखादा दादा तुझ्या गल्लीत असेलच. त्याच्याबद्दल घराघरांत बोलतात : पत्रिका जुळत नाही, नशीब नाही, हल्लीच्या मुलींच्या अपेक्षाच फार. एका दादापुरतं यातलं एखादं कारण खरंही असेल. आता २००१ ची जनगणना उघड. कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर १,००० मुलग्यांमागे मुली होत्या ८३९. निसर्ग आपला आपण चालला तर १,००० मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. त्या वेळची ती लेकरं आज लग्नाच्या वयात आली आहेत. ज्या मुली जन्मालाच येऊ दिल्या नाहीत, त्या आता नवरी म्हणून कुठून येणार? पत्रिका बघणाऱ्याला एक मुलगा दिसतो, जनगणनेत सगळे एकदम दिसतात. अमेरिकेतल्या सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये हेच मांडलं, की माणसाला जो स्वतःचा खासगी त्रास वाटतो त्याच्यामागे पुष्कळदा अख्ख्या समाजाचा प्रश्न असतो, आणि या दोहोंमधला धागा दिसू लागणं ही या शास्त्राची खरी नजर.

आणखी एक गोष्ट नीट बघ. त्याच जनगणनेत हा आकडा राज्यात ९१३ होता आणि गडचिरोलीत साडेनऊशेच्या वर. ऊस, पाणी, साखर कारखाने, शाळा, दवाखाने आपल्याकडे. जंगल आणि गरिबी तिकडे. आणि मुली तिकडे जास्त. ‘लोक शिकले, पैसा आला की सुधारतात’ असं आपण धरून चालतो, ते इथे सपशेल खोटं ठरतं. पैसा आला, हाताशी सोनोग्राफी आली, मुलं दोनच हवीत हेही ठरलं, पण जमिनीला वारस मुलगाच हवा आणि मुलीच्या लग्नाचा खर्च झेपत नाही हे तसंच राहिलं. नवं यंत्र जुन्या इच्छेच्या हाती पडलं. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा आहे. २०११ मध्ये जिल्ह्याचा आकडा ८६३ पर्यंत आला. वाढला, पण किती सावकाश. नुसत्या कायद्यानं ‘लोक काय म्हणतील’ बदलत नाही, हे त्या चोवीसच्या फरकात दिसतं.

तिसरं उदाहरण तुझ्या शिवेवरचं. दिवाळीच्या कापडाला तुम्ही गांधीनगरला जात असाल. तिथल्या सिंधी व्यापाऱ्यांविषयी एक वाक्य हमखास ऐकू येतं : “धंदा त्यांच्या रक्तातच आहे.” ‘रक्तात’ हा शब्द मला मुळीच पटत नाही, कारण तो आला की विचार तिथेच थांबतो. ती जागा आधी काय होती ते बघ. शेजारच्या वळिवड्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून १९४८ पर्यंत, पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बायका-मुलंच जास्त. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. ती माणसं गेली आणि फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबं तिथे आली. सिंधमध्ये शेतजमीन मुख्यतः मुसलमान जमीनदारांकडे होती. हिंदू सिंध्यांमधले आमिल सरकारी नोकऱ्यांत होते, भाईबंद व्यापारात. इथे आल्यावर जमीन नव्हती, ओळखीचा पाटील नव्हता, भावकी विखुरलेली. जे करता येण्यासारखं होतं ते कापडाचं गाठोडं पाठीवर टाकून विकणं, आणि आपल्याच माणसांत उधारीवर माल फिरवणं. त्यातून पेठ उभी राहिली. यात रक्ताचं काही नाही, आहे तो इतिहास, उधारी आणि एकमेकांवरचा भरवसा. ‘शेती आपल्या रक्तात आहे’ हे वाक्यही याच कसोटीवर घासून बघ. विमानतळासाठी जमिनी गेलेल्या घरांतली मुलं आज काय करतात, ते तुझ्या गावात सहज विचारता येईल.

भावाला सांगायचा इतिहास थोडक्यात असा. ‘समाजशास्त्र’ या अर्थाचा शब्द ऑग्युस्त कॉम्त यांनी १८३८ च्या सुमारास रूढ केला. आपल्याकडे मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली याचा विभाग सुरू झाला, आणि १९२४ पासून तो सांभाळला मालवणच्या गो. स. घुर्ये यांनी. पण मराठीत हे काम त्याआधीच झालं होतं. सरकारी नोकरीत गावोगाव फिरलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ १९१५ चं. कुणब्याकडून बलुतेदाराला काय मिळतं, कोण कुणाच्या दारात कशासाठी उभं राहतं, याची इतकी बारीक नोंद आहे त्यात, की तुझ्या गाइडआधी ते वाच असं मी म्हणेन. पुढच्याच वर्षी, मे १९१६ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांनी जातीवरचा निबंध वाचला आणि दाखवून दिलं, की जातीचा गाभा जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. चार वर्षांनी, मार्च १९२० मध्ये, तेच आंबेडकर तुमच्या जिल्ह्यातल्या माणगावात परिषदेचे अध्यक्ष होते आणि शाहू महाराज तिथे आले होते. शास्त्रज्ञ आणि त्याच्या अभ्यासाचा विषय एकाच मांडवात, असं फार कमी ठिकाणी घडलं असेल.

प्रयोगशाळा कुठे आहे, असं भाऊ विचारेल. माणसं परीक्षानळीत घालता येत नाहीत आणि घालूही नयेत. समाजशास्त्रज्ञ मोजतो, दोन ठिकाणांची तुलना करतो, प्रश्न विचारतो आणि लोकांत राहून बघतो. घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे वारीत चालल्या. दिवसभर एका सुरात अभंग म्हणणाऱ्या बायका जेवणाच्या वेळी जातीजातीनं वेगळ्या बसतात, हे त्यांनी बघितलं आणि लिहिलं. पुण्यात टेबलापाशी बसून ते कळलं नसतं. आपलं म्हणणं चुकीचं ठरू शकेल अशा जागी जाऊन ते तपासायचं, एवढी तयारी असली की मी त्याला शास्त्र म्हणतो.

आणि रीत बदलते तेव्हा ती कशी बदलते, हेही याच शास्त्रात येतं. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव एका सभेत होतो. पण ठरावानंतर पहिल्या हळदीकुंकवाला विधवा काकूंना बोलावलं का, आणि बोलावलं तर त्या आल्या का, हे कुणीतरी दारोदार जाऊन विचारलं तरच कळेल.

आता आईला काय माहीत नाही, ते. खरं सांगायचं तर तिला तुझ्या पुस्तकापेक्षा जास्त माहीत आहे, पण ते एका घराचं आणि एका गल्लीचं. तुझं काम आहे ते दहा गल्ल्यांत जाऊन गोळा करायचं आणि शेजारी शेजारी मांडायचं.

म्हणून प्रकल्प दुधाचाच घे. एक शंभर पानी वही, पानावर पाच रकाने : धार कोण काढतं, वैरण कोण आणतं, डेअरीत दूध कोण घालतं, पुस्तक कुणाच्या नावावर, बिल आल्यावर पहिला खर्च कोण ठरवतं. एक बिल होईपर्यंतचे दहा दिवस, तीस घरं. सेक्रेटरींची परवानगी आधी घे, घरोघरी कशासाठी विचारतेस ते सांग, वहीत कुणाचं नाव लिहू नकोस, आकडा घाल. ज्या घरात बाई मोकळेपणानं बोलत नाही, तिथे ती बोलत नाही एवढीच नोंद कर आणि पुढे जा. हे झालं की साठीच्या पुढच्या पाचसहा आज्यांकडे जा. घरी आजी असेल तर सुरुवात तिच्यापासूनच करता येईल. तिला विचार, की डेअरी नव्हती तेव्हा घरच्या दुधाचं ताक-तूप कोण विकायचं, आणि ते पैसे कुणाच्या पदराच्या गाठीला असायचे?