गाडी छोटी झाली, आवाज नाही

एच.ओ. म्हणजे १:८७ या प्रमाणात मॉडेल रेल्वे मांडली की साडेतेवीस मीटरचा डबा २७ सेंटिमीटरवर येतो, अख्खे स्टेशन टेबलावर मावते आणि घाटातला बोगदा हातभर उरतो. वेळ मात्र आहे तेवढाच राहतो. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी या प्रमाणात सेकंदाला १९ सेंटिमीटर पुढे सरकते. आठ बाय चार फुटांच्या प्लायवर बसणारा लंबगोल मार्ग साधारण सहा मीटरचा, म्हणजे एका फेरीला जेमतेम अर्धा मिनिट. आता स्टेशनवरची घोषणा घ्या. मराठी, हिंदी आणि इंग्रजी असे तिन्ही पाठ पुरे व्हायला तेवढाच वेळ लागतो. इंग्रजी वाक्य संपते न संपते तोच तीच गाडी पुन्हा त्याच फलाटावर हजर होते आणि सेन्सर घोषणा पहिल्यापासून सुरू करतो.

माझ्या लेआउटवर पहिल्या संध्याकाळी हेच झाले. वायरिंग बिनचूक होते, आवाजाचे मॉड्युल चोख वाजत होते आणि तरीही खोलीत बसवत नव्हते. या छंदात आवाजाकडे वळणारे बहुतेक जण सुरुवात करतात ती कुठले मॉड्युल घ्यायचे इथून. सुरुवात व्हायला हवी ती प्रसंगापासून: नेमके काय घडल्यावर आवाज यायचा, लेआउटच्या कुठल्या कोपऱ्यातून यायचा आणि किती सेकंदांत थांबायचा. हे कागदावर उतरले की खरेदीची यादी आपोआप निम्म्यावर येते.

ही कल्पना जुनीच आहे. अमेरिकेच्या लायोनेल कंपनीने १९३५ साली खेळण्यातल्या गाडीत हुकमी वाजणारी शिट्टी आणली. रुळांतून एसी वीज वाहत असे. बटण दाबले की तिच्यात थोडा डीसी मिसळला जाई, तेवढ्यावर टेंडरमधला, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यातला, रिले ओढला जाई आणि छोट्या मोटरवरचा पंखा शिट्टीच्या पोकळीत हवा फुंकी. चिप नाही, कार्ड नाही. पण आवाज गाडीतूनच येई, मुलाला हवा तेव्हाच येई आणि बोट उचलले की थांबे. आजच्या महागड्या मांडण्यांतही या तीन गोष्टी एकत्र क्वचित दिसतात.

फाटकाची शिट्टी हे सर्वांत लोकप्रिय उदाहरण. भारतीय रेल्वेत फाटकाच्या अलीकडे रुळालगत ‘सी/फा’ (सीटी/फाटक) अशी पिवळी पाटी असते आणि ती दिसली की चालक भोंगा वाजवतो. ही पाटी फाटकापासून साधारण ६०० मीटरवर लावतात. १:८७ मध्ये त्याचे जवळपास सात मीटर होतात, म्हणजे आपल्या संपूर्ण फेरीपेक्षा जास्त! तेव्हा इथे प्रमाण सोडून द्यावे लागते. सेन्सर फाटकाच्या अलीकडे सव्वा ते दीड मीटरवर ठेवला, तर गाडी फाटकाशी पोहोचायला सात-आठ सेकंद मिळतात. तेवढ्यात दोन-तीन सेकंदांचा एक भोंगा आणि फाटक बंद होण्याची घंटा नीट बसते. पाटी मात्र सेन्सरच्या जागीच उभी करावी. पाहणाऱ्याचा डोळा पाटी आणि आवाज यांची सांगड लगेच घालतो.

काही आवाज सेन्सरच्या वाटेला जाऊच नयेत असे आहेत. वाफेच्या इंजिनाचा भकभकाट त्यांतला पहिला. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार भपकारे बसतात. डब्ल्यूपी वर्गाच्या इंजिनाचे चालक चाक सुमारे १.७ मीटर व्यासाचे, म्हणजे ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला बारा भपकारे. फलाट सोडताना तेच सेकंदाला एखाद-दुसरा. मेमरी कार्डावरची तयार फाइल या बदलत्या लयीशी जुळणे शक्य नाही, आणि चाक एका तालात फिरतेय, आवाज दुसऱ्या तालात येतोय, हे लहान पोरालाही खटकते. असा आवाज हवा असेल तर पैसे साठवून इंजिनातच बसणारा डीसीसी, म्हणजे रुळांतून डिजिटल हुकूम देण्याच्या पद्धतीचा, साउंड डिकोडर घ्यावा. तो मोटरच्या वेगाशी लय जुळवतो. रुळालगतच्या सेन्सरला द्यायच्या त्या स्थिर जागांच्या गोष्टी: फाटक, स्टेशन, पूल.

सेन्सरमध्ये सर्वांत स्वस्त आणि सोपा म्हणजे रीड स्विच. काचेच्या बारीक नळीत दोन पात्या असतात, चुंबक जवळ आले की त्या चिकटतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत तो सहज मिळतो. वायर काचेच्या अगदी लगत वाकवली तर नळी तडकते, म्हणून चिमट्याने धरून थोडे अंतर सोडून वाकवावी. चुंबक फक्त इंजिनाखाली लावावे, डब्यांखाली लावले तर प्रत्येक डबा भोंगा वाजवत जातो.

चुंबकाची खरी कटकट मला वाळूने दाखवली. रुळांखाली खडी म्हणून आपल्याकडे बरेच जण नदीची बारीक वाळू चाळून वापरतात. दख्खनचा दगड बेसॉल्ट, त्यात लोहखनिजाचे कण असतात आणि ते वाळूत उतरतात. इंजिनाखालचे निओडिमियम चुंबक रुळांपासून दोन-तीन मिलिमीटरवर फिरत होते. काही दिवसांनी इंजिन उलटे केले तर चुंबकाला काळ्या कणांची दाढी फुटलेली. त्यातले थोडे गिअरमध्येही शिरले होते, ते ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकेक दात साफ करून काढावे लागले. मोटरमध्येही चुंबक असते, हे कण तिथे पोहोचले तर मोटर कायमची जाते. उपाय सोपा आहे, फक्त तो वाळू चिकटवण्याआधी करायचा: प्लास्टिकच्या पिशवीत जाड चुंबक घालून ते कोरड्या वाळूतून पुन्हा पुन्हा फिरवायचे, पिशवी उलटी करून काळा गाळ टाकून द्यायचा आणि काहीच चिकटेनासे झाले की मगच ती वाळू रुळांखाली घालायची. कोकणच्या किनाऱ्यावरची काळसर वाळू तर या कामाला घेऊच नये.

इन्फ्रारेड सेन्सरला चुंबक लागत नाही, पण त्याला ऊन चालत नाही. खिडकीतून तिरपे ऊन आले की परावर्तनावर चालणारा साधा सेन्सर गाडी नसतानाही चालू होतो आणि काळ्या रंगाचे इंजिन डोक्यावरून गेले तरी त्याला कळत नाही. त्यापेक्षा रुळांच्या एका बाजूला एलईडी आणि दुसऱ्या बाजूला रिसीव्हर अशी किरण तुटणारी जोडी बरी. ती रुळांना काटकोनात न लावता तिरकी लावावी, म्हणजे दोन डब्यांमधली फट किरणाला मोकळी मिळत नाही आणि पाच डब्यांची गाडी पाच गाड्यांसारखी मोजली जात नाही.

सेन्सर कुठलाही असो, आवाज सुरू झाल्यावर ठरावीक काळ नवी सूचना ऐकायचीच नाही, ही सोय हवीच. आर्डुइनो नॅनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डावर ती चार-पाच ओळींची गोष्ट आहे: शेवटचा आवाज कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवायची आणि पुढची २० सेकंदे सेन्सरकडे काणाडोळा करायचा. दोन सेन्सर थोड्या अंतराने लावले तर आधी कुठला चालू झाला यावरून दिशाही कळते. फाटक ओलांडून दूर निघालेली गाडी पुन्हा भोंगा देते, हा विनोद त्याने टळतो.

आता मॉड्युल. डीएफप्लेअर मिनी हे बोटाच्या पेराएवढे पाते सध्या सर्वाधिक वापरात आहे. ३२ जीबीपर्यंतचे मायक्रो एसडी कार्ड, एमपी३ किंवा वेव्ह फाइल आणि तीन वॉटचा अँप्लिफायर इतके सगळे त्यात आहे. त्याच्या तीन खोडी आधीच माहीत असाव्यात. फाइल क्रमांकाने मागितली तर ते नाव न बघता कार्डावर फाइली कुठल्या क्रमाने चढवल्या ते बघते, त्यामुळे भोंग्याऐवजी चहावाला ओरडतो. म्हणून कार्ड आधी फॉरमॅट करावे आणि चार आकडी नावे देऊन फाइली एकेक करून चढवाव्यात. दुसरी खोड घरघरीची. आर्डुइनोकडून येणाऱ्या आरएक्स वायरीत एक किलोओहमचा रेझिस्टर टाकला की ती बरीच बसते. तिसरी म्हणजे स्पीकरच्या दोन्ही वायरी सिग्नलच्या आहेत, त्यांतली एकही ग्राउंडला जोडायची नाही. ज्यांना प्रोग्रॅमिंग नको त्यांच्यासाठी अ‍ॅडाफ्रूटचा ऑडिओ एफएक्स बोर्ड आहे. तो संगणकाला पेन ड्राइव्हसारखा दिसतो आणि फाइलच्या नावावरूनच ती कुठल्या पिनला, एकदा की धरून ठेवेपर्यंत वाजवायची, हे ठरवतो. महाग आहे, पण वेळ वाचतो.

रुळांतली वीज मॉड्युलला देऊ नये. डीसी लेआउटवर गाडी थांबली की व्होल्टेज शून्यावर येते आणि आवाजही मरतो. डीसीसीच्या रुळांत वीज कायम असते, पण ती दिशा बदलणारी आणि १२ व्होल्टच्या वरची असते, थेट जोडले तर पाच व्होल्टचे मॉड्युल तिथेच जळते. चांगल्या प्रतीचा पाच व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॉप्टर घ्यावा. २३० व्होल्टचे कुठलेही उघडे जोडकाम लेआउटच्या फळीखाली ठेवू नये, तिथे आपणच पाठीवर झोपून अंधारात हात फिरवतो. सेन्सरच्या लांब वायरी एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात आणि मोटरच्या वायरींपासून लांब ठेवाव्यात. मोटरच्या ब्रशच्या ठिणग्यांनी खोटे भोंगे वाजतात.

आणि स्पीकर! इतका खर्च आणि खटाटोप करून लोक स्पीकर प्लायखाली नुसता टांगतात. स्पीकरच्या पडद्याच्या पुढून आणि मागून निघणाऱ्या लाटा एकमेकींच्या उलट असतात, मोकळ्या हवेत त्या एकमेकींना मारतात आणि हाती उरते ती चिरकी कुरकुर. स्पीकरच्या मागे हवाबंद डबी बसवली की तोच स्पीकर भरून बोलू लागतो. औषधाच्या गोळ्यांची डबी आणि कडेने गरम गोंद एवढ्यावर फरक ऐकू येतो. तरीही खर्जाची अपेक्षा धरू नये. डब्ल्यूडीएम-२ डिझेलचे १६ सिलिंडरचे इंजिन जागच्या जागी मिनिटाला ४०० फेरे घेते, त्याचे स्फोट सेकंदाला ५० च्या आसपास पडतात. एवढा खोल सूर रुपयाच्या नाण्याहून थोड्या मोठ्या स्पीकरमधून निघतच नाही, उलट तो काढण्याच्या नादात बाकीचा आवाज फाटतो. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये १५० हर्ट्झखालचा भाग कापून टाकावा आणि सुरुवातीला-शेवटाला किंचित उतार द्यावा, म्हणजे ‘टक्’ असा ठोका येत नाही.

मोठ्या आवाजाने खोली भरते, पण आवाजाची जागा हरवते. फाटकाचा आवाज फाटकापाशी उभे राहिल्यावर स्पष्ट आणि लेआउटच्या दुसऱ्या टोकाला अंधुक यायला हवा. चहाचा स्टॉल, गुड्स यार्डातली ठोकाठोक अशा बाकीच्या आवाजांना सेन्सरपेक्षा बटण बरे. हॅम्बुर्गच्या मिनिआटुर वुंडरलँडमध्ये लेआउटच्या कडेला प्रेक्षकांसाठी बटणे ठेवली आहेत. दाबले की एखादे छोटे दृश्य जिवंत होते. जे आपण मागून घेतले, ते चार वेळा झाले तरी त्रास देत नाही. घरी पुतणे-भाचरे जमली की गुड्स यार्डाचे बटण त्यांच्या ताब्यात द्यावे आणि घोषणेची एकच भाषा, एकच वाक्य ठेवावे.

ध्वनी शक्य तो स्वतः टिपावेत. कर्जतला घाट चढणाऱ्या गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिने लागतात, तेव्हा कपलिंगचा खणखणाट आणि ब्रेकच्या हवेचा फुस्कारा फलाटावरूनच उत्तम मिळतो. माथेरानच्या चढावर छोट्या डिझेलची धाप वेगळीच ऐकू येते. मोबाइलच्या माइकला फोमची टोपी घालावी, वाऱ्याचा घोंगावा नंतर काढता येत नाही. रुळांवर मात्र उतरू नये. ते जिवावर बेतते, आणि १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. डब्ल्यूडीएम-२ आता क्वचितच दिसते, तारेने ओढायचे हाताचे सिग्नल आणि टांगलेल्या रुळाच्या तुकड्याची स्टेशनघंटाही जवळजवळ गेली. म्हणून मूळ ध्वनिमुद्रण जसेच्या तसे जपावे, कापाकाप प्रतीवर करावी, आणि फाइलच्या नावात ठिकाण, तारीख आणि इंजिनाचा वर्ग लिहावा. लेआउटमधली मेमरी कार्डे दगा देतात, एक भरलेले कार्ड डबीत वेगळे ठेवावे.