कंदील घरी करायचा तर

दिवाळीचा आकाशकंदील आमच्याकडे घरीच होतो. सासरे, नवरा, मुलं, सुट्टीला आलेली भाचरं असा सगळा गोतावळा दिवाणखान्यात फतकल मारून बसतो आणि घरात पाऊल ठेवायला जागा उरत नाही. त्या पसाऱ्यातून हाती लागलेलं हे थोडं शहाणपण.

१. कामट्या बुरुडाकडूनच आणाव्यात. पुण्यात बुरूड आळीत सांगितलं की हव्या त्या जाडीच्या तासून देतात. सजावटीच्या दुकानातल्या गुळगुळीत काड्या दिसायला छान, पण गाठ मारताना दोरा घसरतो. घरी आणल्यावर आधी पॉलिश पेपर फिरवा. लहान बोटात कुसळ गेलं की त्या दिवसापुरतं काम बंद.

२. सांगाडा एकाच्याच हुकमाने व्हावा. आमच्याकडे तो मान सासऱ्यांचा. पारंपरिक कंदिलाला सारख्या मापाचे ६ चौकोन लागतात, म्हणजे २४ कामट्या. चार चौकोन टोकावर उभे धरून कोपऱ्याला कोपरा बांधत गोल फिरवायचे. वरच्या चार टोकांना एक चौकोन, खालच्या चार टोकांना एक. शेवटची गाठ बसली की मधे ८ त्रिकोण आपोआप तयार झालेले असतात. तो क्षण बघायला मोबाइल टाकून पोरं येतात. खरी गोम मापात आहे. पहिली कामटी कापली की तिच्यावर खूण करून बाकी सगळ्या तिच्याशीच जुळवायच्या. "मागची घेऊन पुढची कापू नका रे," हे सासऱ्यांचं पालुपद. प्रत्येक वेळचा केसभर फरक शेवटाला बोटभर होतो आणि कंदील एका अंगाला कलतो.

३. रंगावरून भांडणं होणारच, निवाडा मात्र दिव्यासमोर करावा. पतंगाचा कागद दिवसा एक दिसतो, रात्री दुसराच. गडद निळा तर अंधारात काळा पडतो. पिवळा आणि केशरी खुलतात. भाचीला जांभळाच हवा होता. बल्बसमोर धरून दाखवला, तेव्हा तिनेच तो मुकाट्याने बाजूला ठेवला.

४. खळ घरी शिजवा. मैदा गार पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहायचं, चकाकी आली की उतरवायची. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी, आणि आमच्याकडे बोटं चाटणारं गिऱ्हाईक आहे, त्यामुळे आम्ही घालत नाही. लागेल तेवढी ताजी करतो.

५. मुलांनी चिकटवलेला कागद मोठ्यांनी मागाहून सारखा करू नये. ओला असताना तो ढिला, सुरकुतलेला दिसतो आणि आपले हात शिवशिवतात. थांबा. खळ वाळली की कागद बराचसा ताणून बसतो. उरलेली सुरकुती रस्त्यावरून कोणाला दिसते? मुलांना मात्र आपला त्रिकोण कोणता, ते बरोबर ठाऊक असतं.

६. झिरमिळ्या कापायचं काम सगळ्यात धाकट्याला द्यावं. तिथे वाकडं कापलेलंही शोभतं.

७. वरचा चौकोन उघडाच ठेवा. होल्डर तिथून आत जातो आणि उष्णता अडकत नाही. पूर्वीच्या ६० वॅटच्या बल्बने कागद तांबूस होऊन जायचा. आता ९ वॅटचा एलईडी पुरतो, फक्त पिवळसर उजेडाचा घ्या. पांढऱ्याफेक उजेडात कंदिलाची रया जाते.

८. तुळशीचं लग्न आटोपून कंदील उतरवला की कागद काढून टाका, सांगाडा माळ्यावर ठेवा. बांबू टिकतो, पुढच्या वर्षी नुसता कागद बदलला की झालं.

९. पहिल्यांदाच करणार असाल तर कामट्या दसऱ्यालाच आणून ठेवा. वसुबारसेला सुरू केलेला कंदील भाऊबीजेला लागतो.