रेस दिली तरी गाडी उचलत नाही!

सुट्टीत मी शहाद्याला मामांच्या गॅरेजवर असतो. थर्मलचा पेपर बरा गेला की होस्टेलवरच्या प्रत्येकाला वाटतं, इंजिन आपल्याला कळलं. मलाही तसंच वाटत होतं.

मे महिन्यात नंदुरबारचे एक मिरचीचे व्यापारी आपली एसयूव्ही घेऊन आले. परदेशी कंपनीची, २०१३ चं मॉडेल, तीन लिटर टर्बो डिझेल, सहा सिलिंडर, ऑटोमॅटिक. तोरणमाळच्या घाटात पुढच्या जीपला ओव्हरटेक करायला त्यांनी पूर्ण रेस दिली, तर गाडी दोन-तीन सेकंद नुसती दबली. तेवढ्यात समोरून एस. टी. आली. मागच्या सीटवर मुलं होती. “वाचलो,” एवढंच म्हणाले. एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपने डिझेल फिल्टर बदलून पाहिला होता, उपयोग शून्य. आता सहाही इंजेक्टर बदला म्हणून एस्टिमेट दिलं होतं. त्या आकड्यात एक बरी सेकंडहँड कार आली असती!

मी लगेच ज्ञान पाजळलं. तोरणमाळ हजार मीटरच्या वर, तिथे हवेचा दाब शहाद्यापेक्षा साधारण दहा टक्क्यांनी कमी, म्हणून पॉवर कमी. मामा हसले. “पहिले धूर देख, मंग बोल,” म्हणाले. शिवाय टर्बो असलेलं इंजिन विरळ हवेची बरीचशी भरपाई करून घेतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आम्ही प्रकाशाच्या रस्त्याला निघालो. सपाट रस्ता, हळूहळू रेस वाढवली तर गाडी लोण्यासारखी. गिअर मॅन्युअल मोडमध्ये चौथ्यावर धरून एकदम पाय दाबला, की दबायची. म्हणजे घाटाचा दोष नव्हताच. आणि मागे बघतो तर काळा धूर.

हा धूर फार बोलका असतो. फिल्टर चोंदला किंवा पंप कमजोर झाला तर डिझेल कमी पडतं. गाडी दबते पण धूर काढत नाही. काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर, हवा अपुरी. (गळके इंजेक्टरसुद्धा काळा धूर काढतात, म्हणून नुसत्या धुरावर निकाल देऊ नये. आणि डीपीएफ लावलेल्या गाडीत काजळी आतच अडते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांवर ही परीक्षा चालत नाही. या गाडीला डीपीएफ नव्हता.)

स्कॅनर लावला. फॉल्ट कोड एकही नाही. आपल्यापैकी बरेच जण इथेच स्कॅनर काढून ठेवतील. मामांनी लाइव्ह डेटा उघडला आणि मला आकडे लिहून घ्यायला बसवलं. पूर्ण रेस, २००० आरपीएम. रेल प्रेशर मागितलं तेवढं मिळत होतं, म्हणजे पंप आणि फिल्टर सुटले. बूस्ट मात्र २ बार मागितला असताना १.५ वर अडकलेला (दोन्ही अ‍ॅब्सोल्यूट). आणि हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर सांगत होता, सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम.

इथे मात्र पेपरातलं गणित कामाला आलं. तीन लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन २००० आरपीएमला सेकंदाला ५० लिटर हवा ओढतं. १.५ बार आणि ४५ अंशांना हवेची घनता सुमारे १.६४ किलो प्रति घनमीटर. व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी ०.९ धरली, तर सिलिंडरमध्ये जाते जेमतेम ७४ ग्रॅम. सेन्सरसमोरून गेली १००. मग पंचवीस-सव्वीस ग्रॅम हवा गेली कुठे?

सेन्सर एअर फिल्टरपाशी असतो. त्याच्या पुढे टर्बो, इंटरकूलर आणि रबरी होज. वाटेत हवा गळली तरी ईसीयूला वाटतं ती आत पोचली, आणि तो त्या हिशेबाने डिझेल मारतो. म्हणून धूर. सेन्सरच कमी दाखवत असता, तर ईसीयूने डिझेल आखडतं घेतलं असतं आणि गाडी धुराशिवाय दबली असती. टर्बोच थकला असता, तर हवा आणि बूस्ट दोन्ही आकडे खाली आले असते.

गॅरेजवर परत येऊन टर्बोच्या तोंडाला पीव्हीसीची टोपी बसवली, तिला ट्यूबचा व्हॉल्व्ह, आणि कंप्रेसरमधून पाऊण बार हवा सोडली. (यापेक्षा जास्त देऊ नका, सील जातील. आणि समोर तोंड नेऊ नका, टोपी उडते. माझ्या कानाजवळून गेली.) साबणाचं पाणी फिरवलं. इंटरकूलरकडे जाणाऱ्या होजच्या खालच्या बाजूला बुडबुडे! तेलाच्या वाफेने रबर मऊ पडून चार बोटं चीर गेली होती. आयडलिंगला तिथे दाबच नसतो, त्यामुळे चिरेचे ओठ मिटलेले राहत. उभ्या गाडीवर ती कुणाला दिसणार?

नवा होज सुरतहून मागवला, दोन दिवस लागले. तोवर टेप गुंडाळून पाठवा, असा व्यापाऱ्यांचा आग्रह होता. मामांनी गाडीची चावी गल्ल्यात ठेवली. होज बसवताना पाइपच्या तोंडावरचं तेल पुसून काढलं, नाहीतर क्लॅम्प घट्ट असूनही होज सरकतो.

मग तोरणमाळचा घाट, त्याच चढावर. १.९५ बार, धूर नाही. उभ्या गाडीवरून निघताना जरासा उशीर अजून लागतो, पण तो टर्बोला फिरायला लागणारा वेळ, आजार नव्हे. व्यापारी बराच वेळ बोलले नाहीत. मग इंजेक्टरच्या एस्टिमेटचा कागद खिशातून काढून त्यांनी माझ्याकडे दिला.

तो जुना होज मी कॉलेजात आणला आहे, ऑटोमोबाइल लॅबच्या कपाटात ठेवला आहे. हातात घेऊन बघा. वाकवल्याशिवाय चीर दिसत नाही.