शिक्षण परिषदेतील सल्ला : त्याचे स्वरूप व पथ्ये



केंद्रातील शिक्षकांनी दरमहा एकत्र जमावे व अध्यापनातील अडचणींचा विचारविनिमय करावा, हा शिक्षण परिषदेचा हेतू होय. शाळा एकमेकींपासून तुटक राहू नयेत, हाच विचार कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळासंकुलाच्या कल्पनेतून मांडला होता. जेथे दोनच शिक्षक सर्व वर्ग सांभाळतात, तेथे शेजारच्या शाळेतील सहकाऱ्याचा अनुभव हा फार मोठा आधार असतो. परंतु पुष्कळदा असे आढळते की, नवा शिक्षक अडचण मांडतो, चारपाच जण एकदम उपाय सांगतात, आणि पुढील परिषदेत तो शिक्षक काही बोलतच नाही. त्याचे मौन समाधानाचे असतेच असे नाही, आणि त्याची झळ अखेर मुलांस लागते. यास्तव सल्ला देताना पुढील पथ्ये पाळणे इष्ट आहे.

१. आधी विचारावे, मग सांगावे. ‘पहिलीची मुले उत्तरच देत नाहीत,’ असे देवरी वा सालेकसा तालुक्यातील शिक्षक म्हणाला, तर ती मुले घरी कोणती भाषा बोलतात, हे प्रथम विचारावे. घरची भाषा गोंडी असेल, तर तेथे प्रश्न बुद्धीचा वा शिस्तीचा नसून भाषेचा आहे, आणि उपायही निराळा आहे. तसेच उपस्थिती घटली असे कळताच पालकसभा घेण्यास सुचविण्यापूर्वी, गावात रोवणी चालू आहे काय, याची चौकशी करावी.

२. अनुभव तपशिलासह सांगावा. ‘काड्यांचे गठ्ठे वापरा, वजाबाकी येईल,’ हे मोघम विधान झाले. त्याऐवजी असे म्हणावे : ‘माझ्या तिसरीत १४ मुले आहेत. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे सोडवून आम्ही तीन आठवडे हातच्याची वजाबाकी केली. ११ मुलांना ती जमली, तिघांना अद्याप जमलेली नाही.’ न जमलेल्या तिघांचा उल्लेख केल्याने सल्ल्याचे वजन घटत नाही, उलट वाढते. कारण ऐकणारास आपल्या वर्गाशी ताडून पाहता येते.

३. ऐकीव, अनुभूत व नियमबद्ध यांत भेद करावा. वाचलेली गोष्ट वाचलेली म्हणूनच सांगावी. मात्र नम्रता म्हणजे गुळमुळीतपणा नव्हे. मुलास शारीरिक शिक्षा करण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई आहे; तेथे ‘मला असे वाटते’ म्हणण्याचे कारण नाही.

४. निर्णय ज्याचा त्याच्यावर सोपवावा. वर्ग त्याचा आहे, मुले त्याच्या ओळखीची आहेत. पुढील परिषदेत ‘आपण तसे केले काय?’ असे न विचारता ‘आपल्या वर्गात काय अनुभव आला?’ असे विचारावे. उपाय फसला असेल, तर तेही सर्वांनी शिकण्याजोगेच आहे.

या संदर्भात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे कार्य मननीय आहे. १९४५ मध्ये बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे त्यांनी बालशिक्षणाचे कार्य केले. माँटेसरी पद्धतीवर त्यांची श्रद्धा होती. तथापि महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी सभोवती मिळणाऱ्या वस्तूंचीच साधने केली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा पाड्यावर जाऊन अंगणातच वर्ग भरविला. परक्या ठिकाणचा उत्तम उपायही आपल्या मुलांपुढे तपासून घ्यावा लागतो, हाच त्यातील बोध होय.

अभ्यासार्थ : आपण दिलेला वा देऊ इच्छित असलेला एक सल्ला घ्यावा. तो कोणत्या मुलांसाठी, किती दिवस, काय साधले व काय साधले नाही, अशा चार ओळींत लिहावा आणि पुढील परिषदेत वाचून दाखवावा. चौथी ओळ कोरी राहिल्यास वर्गाचे निरीक्षण पुन्हा करावे.