क्रिप्टनला परतलेला सुपरमॅन : एक वाचन

अभ्यासलेखाच्या मथळ्यात सुपरमॅनचे नाव पाहून काही गुरुजनांच्या कपाळावर आठी पडेल, याची मला कल्पना आहे. वर्गात मी हा विषय काढला तेव्हा ‘यात अभ्यासण्यासारखे काय आहे?’ असा प्रश्न आला आणि मला नीट उत्तर देता आले नाही. ते राहून गेलेले उत्तर या लेखात देण्याचा प्रयत्न करतो.

सुपरमॅनची जन्मकथा बहुतेकांना ठाऊक असते. क्रिप्टन नावाचा ग्रह फुटणार हे जोर-एल या शास्त्रज्ञाने ओळखले. पण तो स्वतःच्या तान्ह्या मुलाखेरीज कोणालाही वाचवू शकला नाही. रॉकेटमधून पृथ्वीवर आलेले ते मूल केन्ट दांपत्याने वाढवले. जेरी सीगल या लेखकाने आणि जो शुस्टर या चित्रकाराने निर्माण केलेला हा नायक जून १९३८ च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला. पुढे तो नाहीशा झालेल्या जन्मग्रहावर अनेकदा परतला. त्यांपैकी मला महत्त्वाची वाटते ती नोव्हेंबर १९६० मधील, ‘सुपरमॅन’च्या १४१ व्या अंकातील कथा. लेखक पुन्हा सीगलच. चित्रे वेन बोरिंग यांची.

तिच्याआधी, १९४९ साली, ‘सुपरमॅन’च्या ६१ व्या अंकात बिल फिंगर यांनी नायकाला एकदा क्रिप्टनवर नेले होते. पण तेथे तो केवळ प्रेक्षक आहे. तो कोणाला दिसत नाही, त्याचा आवाज कोणाला ऐकू जात नाही. एक जोडपे आपले मूल रॉकेटमध्ये ठेवते, एवढेच तो पाहतो. त्या रॉकेटच्या मागोमाग पृथ्वीवर येतो, आणि केन्ट ते मूल उचलून घेताना पाहून त्याला उमगते की, हे मूल म्हणजे मीच! तोपर्यंत त्याला स्वतःचे मूळ ठाऊकच नव्हते.

१९६० च्या कथेत नेमके उलटे घडते. येथे त्याला सारे ठाऊक आहे, आणि लोकांना तो दिसतोही. अवकाशातील एका अजस्र प्राण्याचा पाठलाग करताना वेगाच्या भरात तो भूतकाळात शिरतो आणि क्रिप्टनवर उतरतो. तेथील लाल सूर्याखाली त्याच्या शक्ती नाहीशा होतात. म्हणजे परतीचा मार्गही बंद! तो आईवडिलांना भेटतो. दोघेही त्याच्याच वयाचे आहेत. त्यांना अजून मूल झालेले नाही. तो जोर-एलचा साहाय्यक म्हणून काम करू लागतो, पण ‘मी तुमचा मुलगा’ हे मात्र बोलू शकत नाही. पहिल्या कथेत सांगायला तोंड नव्हते. या कथेत तोंड आहे, पण सांगण्याची सोय नाही. दुसरे दुःख मला अधिक जड वाटते.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात दुसऱ्या वाचनाच्या वेळी आली. सुपरमॅनचा पोशाख त्याच्यासोबत रॉकेटमधून आलेल्या वस्त्रांच्या धाग्यांचा, म्हणजे अस्सल क्रिप्टनचा. पण तो उतरतो चित्रपटाच्या चित्रीकरणात, आणि तो पोशाख पाहून लोक त्याला नट समजतात. मायभूमीचेच कापड अंगावर आणि मायभूमीलाच ते सोंगाचे वाटावे! पुढे तो लायला लेरॉल या चित्रपटतारकेच्या प्रेमात पडतो. कांदोर शहरात लोकांना वाचवण्यासाठी यान बांधले जात असते. ब्रेनिअ‍ॅक नावाचा खलनायक ते शहरच पळवून नेतो. तेव्हा, सर्वांबरोबर येथेच मरावे, अशी तो मनाची तयारी करतो. जगातल्या सर्वांत बलवान पुरुषाने प्रयत्न थांबवून मरण स्वीकारावे, असे प्रसंग या प्रकारच्या कथांत फारसे येत नाहीत. शेवटी चित्रीकरणासाठी उभे केलेले रॉकेट अपघाताने त्याला घेऊन उडते आणि त्याच्या शक्ती परत येतात. पहिल्या वाचनात मला ही पळवाट वाटली होती. आता वाटते, नट म्हणून आलेला माणूस नाटकी रॉकेटातून गेला, तेव्हा हिशोब बरोबर आहे. त्याने घर सोडले नाही. घर त्याच्या हातून सुटले, तेही दुसऱ्यांदा.

येथे लेखकाचे चरित्र आठवल्यावाचून राहवत नाही. सीगल आणि शुस्टर यांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले होते. १९४७ मध्ये त्यांनी हक्कांसाठी दावा लावला आणि त्यांचे काम गेले. सीगल १९५९ मध्ये परतले ते पगारी लेखक म्हणून. अंकावर निर्माता म्हणून नाव नाही. स्वतःच्या घरात ओळख न देता साहाय्यक म्हणून राबणारा नायक त्यांना कोठून सुचला, हे वाचकाने मनाशी ठरवावे. सीगल यांचे वडील १९३२ मध्ये स्वतःच्या दुकानात दरोडा पडला त्या वेळी वारले, हेही खरे. मात्र चरित्राची किल्ली प्रत्येक कुलपाला लावण्याचा मोह मला टाळायचा आहे, म्हणून येथेच थांबतो.

या कथेवर माझा एक आक्षेप आहे. लायलाला कथेत प्रेम करण्यापलीकडे काही कामच नाही. नायक निघून जातो आणि ती फुटणाऱ्या ग्रहावर राहते. तिचे काय, हे लेखक विचारतही नाही. तो प्रश्न २५ वर्षांनी अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांनी हाती घेतला, असे मला वाटते. १९८५ च्या त्यांच्या कथेत एक परकी वनस्पती सुपरमॅनला स्वप्नात गुंतवते. स्वप्नातले क्रिप्टन फुटलेलेच नाही. भाकीत खोटे ठरल्याने जोर-एल कडवट झाला आहे. आणि काल-एलची बायको आहे लायला, जिने अभिनय सोडला आहे. त्यांना दोन मुले आहेत. स्वप्न विरू लागते तेव्हा तो आपल्या मुलाला, व्हॅनला, कांदोरच्या जागी उरलेल्या प्रचंड खड्ड्यापाशी घेऊन जातो आणि, तू खरा आहेस असे मला वाटत नाही, हे त्या पोराला आपल्या तोंडाने सांगतो.