टाके सुकले, तरी महिना सरू द्या

बाळाच्या दीड महिन्याच्या डोससाठी आलेली ती बाळंतीण बोलता बोलता सांगून गेली, "डॉक्टर, माहेरी टाक्यातून पू आला होता. गावातल्या डॉक्टरांनी ड्रेसिंग केलं, झालं बरं." तिच्या पोटावर हळदीचा पिवळा डाग अजून होता. तिचं सिझेरियन आमच्याच रुग्णालयात झालं होतं, आणि आमच्या वहीत त्या महिन्याचा जंतुसंसर्ग होता शून्य. तो शून्य मला आजही बोचतो.

शस्त्रक्रियेच्या जागेचा संसर्ग 30 दिवसांपर्यंत मोजायचा असतो. सांधा बदलला असेल तर 90 दिवसांपर्यंत. रुग्ण मात्र चार-पाच दिवसांत घरी जातो आणि पू पुष्कळदा घरीच दिसतो. म्हणून रुग्णालयाला "तुमच्याकडे इन्फेक्शन होतं का?" असं विचारू नका. "घरी गेल्यावर महिनाभर आमची चौकशी कोण करतं?" असं विचारा. जिथली सिस्टर फोन करून जखमेबद्दल विचारते, तिथला आकडा कदाचित जास्त दिसेल. माझा भरवसा त्याच आकड्यावर आहे. मात्र फुटलेल्या आतड्याच्या आणि साध्या हर्नियाच्या शस्त्रक्रियांचे आकडे एकाच तराजूत तोलू नका.

आता तुमच्या हातात काय आहे? आदल्या रात्री घरी वस्तरा फिरवू नका. त्याचे बारीक ओरखडे डोळ्यांना दिसत नाहीत, पण जंतूंना तेवढी वाट पुरते. केस काढावेच लागले तर रुग्णालयात ट्रिमरने काढतील. साबणाने आंघोळ करा, साखर आटोक्यात आणा, बिडी-सिगारेट निदान चार आठवडे आधी सोडा. जंतुसंसर्ग टाळण्यासाठीचं अँटिबायोटिक चिरा देण्यापूर्वी द्यायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2008 च्या तपासणी यादीत ते गेल्या 60 मिनिटांत दिलं का, हा थेट प्रश्न आहे. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरल्यावर जखमेचा संसर्ग 6.2 टक्क्यांवरून 3.4 टक्क्यांवर आला. नंतर "अजून पाच दिवस गोळ्या द्या" असा आग्रह मात्र धरू नका. सरसकट गरज नसते.

दुखणं कमी व्हायचं सोडून वाढलं, टाक्याभोवती लाली पसरली, पू किंवा वास आला, ताप चढला, तर हळद दाबत बसू नका, त्याच रुग्णालयात या. गाव लांब असेल तर जवळच्या डॉक्टरांना दाखवा, पण त्याच दिवशी डिस्चार्ज कार्डावरच्या नंबरवर फोन करून आम्हाला कळवा, आणि ते वहीत लिहायला सांगा.